अडकित्तेरावांचा चेहरा

नव्या माणसाशी ओळख झाली की दौलत मेश्राम मनातल्या मनात त्याचा खलनायक करून बघायचा. समोरचा बोलत असायचा, मेश्राम मान जराशी कलती करून ऐकत असायचा आणि त्याच्या उजव्या हाताची तर्जनी मांडीवर हळूहळू फिरत असायची. माणूस जिना उतरून गेला की निकाल लागायचा.

"नाही चालत जी हा. ह्याले सगळंच पाहिजे. ज्याले सगळंच पाहिजे त्याचा खलनायक होत नाही, दुकानदार होते."

पोस्टमनबद्दल मात्र त्याचं मत चांगलं होतं. "हा होऊ शकते. दार कसं लोटते पाहिलं का? आवाज नाही. आन् घाई नाही."

माझं काय, असं मी एकदा विचारलं. त्याने विचार करायलाही वेळ घेतला नाही. "तुम्ही नाही, देशकरजी. तुम्हाले कायचीच भूक नाही. राजाच्या मागं भाला घेऊन उभा रायते ना एक जण, ते तुम्ही." आम्ही दोघंही हसलो.

साठच्या दशकाची अखेर होती. नागपूरच्या इतवारीतल्या एका छापखान्याच्या माडीवरून 'भिंगरी' नावाचं मुलांचं मासिक निघायचं. मी तिथे सहसंपादक होतो. म्हणजे गोष्टी लिहायचो, मुद्रितं तपासायचो आणि मालक अण्णाजी यांचे हुकूम सगळ्यांना पोचवायचो. मेश्राम चित्रकार. आम्ही दोघं एकाच वयाचे, पण मी त्याला 'अरे मेश्राम' म्हणायचो आणि तो मला 'तुम्ही' आणि 'जी'. तेव्हा त्यात मला काही वावगं दिसलं नाही.

आज ऐंशी उलटल्यावर त्याच्याविषयी लिहायला बसलो त्याला कारण आहे. मध्यंतरी एका कार्यक्रमात जुन्या बालमासिकांवर भाषण झालं. वक्ते तरुण होते, अभ्यासू होते. त्यांनी सांगितलं की 'भिंगरी'तला गाजलेला खलनायक अडकित्तेराव हा मेश्रामच्या शाळामास्तरांवरून काढलेला होता. मास्तरांवरचा जुना राग शिष्याने असा काढला. सभागृहात हसू पिकलं. नागपुरात ही गोष्ट बरीच वर्षं फिरते आहे. ती खोटी आहे, आणि ती खोटी आहे हे पाहिलेला माणूस आता माझ्याशिवाय कोणी उरलेला नाही.

मेश्राम इंदोऱ्याच्या बौद्ध वस्तीतून सायकलने यायचा. आला की सदरा काढायचा, उलटा करून पुन्हा अंगात घालायचा आणि मग चित्राला बसायचा. शाईचे डाग आतल्या बाजूला पडायचे. संध्याकाळी सदरा सुलटा केला की तो दिवसभर कुठल्यातरी बँकेत बसून आल्यासारखा स्वच्छ दिसायचा. बशीतून चहा पिताना फार आवाज करायचा. दुसऱ्या चित्रकारांचं काम दाखवलं तर ते डोळ्यांजवळ नेऊन पाहायचा आणि "कागद चांगला हाये" एवढंच म्हणायचा. स्वभावाने गोड नव्हता. रुसला की दोन-दोन दिवस बोलायचा नाही, आणि का रुसला ते आपण शोधून काढायचं.

आमच्या मासिकात 'चपळ चंदू' नावाची चित्रकथा होती. ती मी लिहायचो. चंदू दर महिन्याला कुणा दुष्टाला पकडून द्यायचा. दुष्ट म्हणजे गालावर व्रण, डोळ्यावर पट्टी, गडगडाटी हास्य. मेश्रामने चार-सहा महिने ते मुकाट्याने काढलं आणि एक दिवस कागद माझ्यापुढे ठेवून विचारलं, "हा घरी जाऊन काय करते?"

"कोण?"

"हा तुमचा दुष्ट. रात्री घरी जाते, तर काय करते? झोपते कसा? कुशीवर झोपते का उताणा?"

मी म्हटलं, ते कथेत कुठे येतंय?

"नाही येत. पण मले माहीत पाहिजे. ज्याले झोपलेला काढता येत नाही, तो खलनायक मले कळलाच नाही."

त्यातून अडकित्तेराव जन्माला आला. कल्पना मेश्रामची, शब्द माझे. उंच, शिडशिडीत, गोरापान, टकलू गृहस्थ. परीटघडीचं धोतर, गळाबंद कोट. काखेत हातभर लांबीचा चांदीचा अडकित्ता. तो सावल्या चोरायचा. लिंबाच्या झाडाची, उभ्या बैलबंडीची, पाणपोईच्या छपराची सावली तो मुळाशी अडकित्त्याने कापायचा, लुगड्यासारखी घडी घालायचा आणि घरी नेऊन भिंतींना लावायचा. त्याचं अंग उन्हात भाजायचं, म्हणून त्याला सावली लागायची.

"नागपुरात मे महिन्यात सावली कोणाले नको हाये जी?" मेश्राम म्हणाला. "पोरगं वाचीन आन् त्याले वाटीन, मी असतो तर मी पण कापली असती. तिथं खलनायक पास झाला. त्याची भूक आपली पाहिजे. फक्त हात त्याचा."

अडकित्तेराव कधी धावायचा नाही, कधी हसायचा नाही. लहान मुलालाही 'आपण' म्हणायचा. "आपली हरकत नसेल तर ही सावली नेतो," असं विचारायचा आणि उत्तराआधीच अडकित्ता चालवायचा. मग वाकून म्हणायचा, "उपकार झाले." आणि तो सापडायचाही त्याच सभ्यपणामुळे. "बसा, पाणी घ्या," असं कुणी म्हटलं की त्याला नाही म्हणता यायचं नाही. तो पाणी पीत असताना चंदू सावल्या सोडवून पळायचा.

मुलं चंदूला विसरली. बाजारात, शाळेत, मैदानावर पोरं दोन बोटांची कात्री करून एकमेकांची सावली कापायची आणि "उपकार झाले" म्हणायची. अण्णाजी खूष होते. मेश्राम खूष झाला तरी दाखवायचा नाही. चंदूचं चित्र काढताना कंटाळून शीळ घालायचा, अडकित्तेराव काढताना एकदम गप्प असायचा.

खलनायकाबद्दल त्याचे नियम होते. ते त्याने कधी एकत्र सांगितले नाहीत, काम करता करता कळत गेले. पहिल्या चौकटीत खलनायकाने कुणाचं तरी भलं करावं. त्याच्या घरी एखादी वस्तू अशी असावी की तिला तो जपतो. त्यातला एक नियम मात्र तो कडक पाळायचा. खलनायक लंगडा नको, तिरळा नको, देवीचे वण असलेला नको आणि काळा नको. मी गोष्टीत कुठे 'काळाकभिन्न' लिहिलं की तो शब्द खोडून परत द्यायचा.

"काहून रे?" मी विचारलं होतं.

"आपलं मासिक लंगडं पोरगंही वाचते," तो म्हणाला. तेवढ्यावर विषय संपला.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारीतून मारबतीची मिरवणूक जाते. काळी मारबत, पिवळी मारबत हे बाईचे दोन प्रचंड पुतळे आणि त्यांच्यामागे पोरांनी केलेले बडगे. वर्षभर लोकांना ज्याने छळलं, त्याचा तणसाचा, म्हणजे भाताच्या पेंढ्याचा पुतळा करायचा, गल्लोगल्ली मिरवायचा आणि वेशीबाहेर नेऊन जाळायचा. "इडा, पिडा, रोगराई, घेऊन जाय गे मारबत," या आरोळ्यांनी आमची माडी हालायची. त्या दिवशी काम होत नसे. आम्ही सज्जात उभे राहायचो आणि मेश्राम परीक्षकासारखा कठड्यावर कोपर टेकून बडग्यांना गुण द्यायचा.

"हा नापास."

"अरे यार, काहून नापास?" अण्णाजी विचारायचे. "भेसळवाल्याचा आहे. बघ ना, तेलाचा डबा दिला आहे हातात."

"डबा ठीक हाये. पण तोंड पाहा. लाल डोळे, सुळे, हे एवढ्या मिशा. असा माणूस तेल विकाले बसला तर कोण घेईन जी त्याच्याकडून? भेसळवाला आपल्या मामासारखा दिसाले पाहिजे."

"माझा मामा तेलच विकतो," अण्णाजी म्हणाले, आणि खालच्या गर्दीपेक्षा आमच्या सज्जातलं हसणं मोठं झालं.

सत्तरचं दशक लागलं तसा कागद महाग झाला. आम्ही हलक्या कागदावर आलो. शाई फुटायची, बारीक रेघा भरून जायच्या. एका उन्हाळ्यात अण्णाजींनी ताजा अंक माझ्यापुढे टाकला. "पोरांना कळतच नाही देशकर, चंदू कुठला आणि हा कुठला. दोघंही पांढरेफटक. अरे, व्हिलन व्हिलनसारखा दिसला पाहिजे. तोंड काळं कर त्याचं."

मी ते मेश्रामला सांगितलं. डब्याची वेळ होती. त्याने भाकरीचा तुकडा तसाच हातात धरला.

"नाही," तो म्हणाला. तुकडा परत डब्यात ठेवला. मी उठायला लागलो तसा म्हणाला, "बसा जी. तुम्हाले एक सांगतो. दुसऱ्या कोणाले नका सांगू."

शाळेत असताना दरवर्षी स्नेहसंमेलनाच्या नाटकात मेश्रामला राक्षस करायचे. त्याच्या रंगाकडे बघून मास्तर म्हणायचे, याला काजळ लागत नाही. पोरं हसायची, तोही हसायचा. मग एका वर्षी नवे शिक्षक आले, रामटेके गुरुजी. मेश्रामच्याच वस्तीतले. त्यांनी तालमीत त्याला पाहिलं, बाजूला घेतलं आणि विचारलं, तुला राक्षस व्हायचं आहे का? तो म्हणाला, नाही. "मग हा पडदा रंगव," असं म्हणून त्यांनी त्याच्या हातात कुंचला दिला. राक्षसाचं काम त्या वर्षी गुरुजींनी स्वतः केलं.

"रंग माझ्यापरीस काळा त्यांचा," मेश्राम म्हणाला. "गोल चष्मा, अंगानं भरलेले. सगळ्या दुनियेले 'आपण' म्हणते. पहिलीतल्या पोराले, भाजीवालीले, भंगारवाल्याले. त्यांना जलमभर लोकांनी अबे-तुबे केलं ना, म्हणून. मले एकट्यालेच 'तू' म्हणते."

मला आता कळलं. "म्हणजे अडकित्तेराव…"

"बोलणं त्यांचं हाये. 'आपण', 'उपकार झाले', पाण्याले नाही न म्हणणं, सगळं. दुर्गुण गोळा करून खलनायक नाही होत जी. एखाद्या चांगल्या माणसाचा गुण घ्या लागते आन् वाईट कामाले लावा लागते. तवा भेव वाटते. पण ज्याचा गुण घेतला त्याले धक्का नाही लागला पाहिजे. म्हणून मी माणूस उलटा केला. ते काळे, हा गोरा. ते जाड, हा बारीक. त्यांना चष्मा, ह्याले नाही. तोंड काळं केलं ना, देशकरजी, तर गुरुजी दिसतीन त्याच्यात."

मी म्हटलं, ठीक आहे, मी अण्णाजींना समजावतो.

मी अण्णाजींना काही समजावलं नाही. पुढच्याच आठवड्यात मेश्राम साळ्याच्या लग्नाला मौद्याला गेला. जूनच्या अंकाची चित्रं त्याने करून ठेवली होती. ती ब्लॉकसाठी पाठवायची होती.

त्या वेळची पद्धत सांगायला हवी. चित्र शाईत काढलेलं असे. त्याचा फोटो घेऊन जस्ताचा ब्लॉक करत. जिथे करडी छटा हवी तिथे चित्रकार निळ्या पेन्सिलीने हलकेच रंगवायचा. कॅमेऱ्याला तो निळा रंग दिसत नसे. पण ब्लॉकवाल्याला दिसे आणि तिथे तो ठिपक्यांची बारीक जाळी बसवत असे. मेश्राम चोरलेल्या सावल्यांवर निळी पेन्सिल फिरवायचा. त्यामुळे सावल्या छापून करड्या यायच्या.

मी त्याच्या टेबलावरची निळी पेन्सिल घेतली आणि प्रत्येक चौकटीतल्या अडकित्तेरावाच्या चेहऱ्यावरून फिरवली. काम अगदी थोड्या वेळाचं होतं. ब्लॉकवाले करीमभाई चित्र न्यायला आले तेव्हा थबकले. "मुंह पे भी जाली डालनी है क्या? मेश्राम ने तो कभी नहीं डाली."

मी म्हणालो, "डालो."

मनात काय होतं, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. द्वेष नव्हता. अण्णाजींना पुन्हा उत्तर द्यायचा कंटाळा होता. गुरुजी कोण, कुठले, त्यांना कोण ओळखणार, असंही वाटलं. मेश्राम उगाच बाऊ करतो, असंही वाटलं. माणसाने आपल्या मनातलं जे मला विश्वासाने सांगितलं, त्याची किंमत मला एवढीच वाटली.

मेश्राम परत आला, अंक उघडला, आणि ते पान फार वेळ पाहत राहिला. मी तयारीत होतो. भांडला असता तर मला बरं वाटलं असतं.

"आता ह्याले उन्हाचं भेव काहून वाटीन?" एवढंच तो म्हणाला. "गोष्टच मेली."

अण्णाजींना मात्र अंक पसंत पडला. आता असाच चालू द्या, म्हणाले. मेश्रामच्या दोन मुली शाळेत होत्या. नोकरी सोडण्यासारखी त्याची परिस्थिती नव्हती. तो चित्रं काढत राहिला. चेहऱ्यावर त्याने कधी निळी पेन्सिल लावली नाही. चित्र माझ्या टेबलावर ठेवायचा आणि सज्जात जाऊन उभा राहायचा. तेवढ्या वेळात मी चेहरा रंगवायचो. तो परत यायचा, कागदाकडे न बघता पाकिटात घालायचा.

त्या वर्षीच्या मारबतीला आम्ही नेहमीसारखे सज्जात उभे होतो. महागाईचा बडग्या गेला, कंत्राटदाराचा गेला. मेश्राम गुण देत नव्हता. मग कोपऱ्यावरून पोरांचा मोठा गलका आला आणि अण्णाजी ओरडले, "अरे, आपला अडकित्तेराव."

खरंच तो होता. जवळच्या महापालिकेच्या शाळेतल्या पोरांनी केला होता. हातात पत्र्याचा अडकित्ता, गळ्यात पाटी, 'उपकार झाले'. अण्णाजींनी माझ्या पाठीवर थाप मारली. मासिकातला खलनायक मारबतीत आला, याहून मोठा मान नागपुरात काय असणार?

बडग्या तणसाचा असतो, त्यामुळे तो जाडच होतो. तोंडाला पोरांनी चुलीतली काजळी लावली होती, कारण छापलेलं तोंड काळं होतं. आणि त्यावर तारेचा गोल चष्मा बसवला होता. चष्मा आमच्या चित्रात नव्हता. त्या शाळेचे मुख्याध्यापक रामटेके गुरुजी होते.

"घेऊन जाय गे मारबत," पोरं ओरडत होती, आणि मधूनच कुणीतरी गुरुजींच्या आवाजाची नक्कल करत होतं, "आपण बसावं, आपण बसावं." पुतळ्याला चपला मारत होती. खालच्या लोकांना काही ठाऊक नव्हतं. ते नुसते हसत होते. मेश्रामने कठडा दोन्ही हातांनी धरला होता. पुतळा दिसेनासा झाल्यावरही त्याने तो सोडला नाही.

एक-दोन दिवसांनी गुरुजी आमच्या माडीवर आले. मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होतो. पांढरा सदरा, धोतर, काखेत छत्री. दारात चपला काढल्या. अण्णाजी होते, मी होतो, मेश्राम आपल्या टेबलाशी.

"मी रामटेके. इथल्या शाळेत असतो. आपला वेळ घेतो, क्षमा असावी."

"या ना गुरुजी, बसा," अण्णाजी म्हणाले.

ते बसले नाहीत. पिशवीतून त्यांनी 'भिंगरी'चा अंक काढला, पान उघडलं आणि मेश्रामपुढे ठेवलं.

"हे आपण काढलं?"

मेश्राम उभा राहिला होता. 'आपण' हा शब्द ऐकल्यावर त्याच्या तोंडावर जे आलं, ते मला सांगता येणार नाही.

"चित्र माझं हाये गुरुजी."

"बोलणं माझं आहे. ते मी फार आधी ओळखलं होतं. त्याचं काही वाटलं नाही. पाणी विचारलं की याची चोरी फसते, हे वाचून आमच्या घरात तर हसू झालं. मंडळी म्हणाली, पोराने तुम्हाला बरोबर पकडलं." गुरुजींनी पानावर बोट ठेवलं. "पण पूर्वी हा गोरा होता. तोंडाला रंग कोणी दिला, एवढंच विचारायला आलो."

मेश्रामने माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता, विनवणी नव्हती. वर्गात ज्याची उत्तर द्यायची पाळी आहे त्याच्याकडे मुलं पाहतात, तसं पाहिलं. माझ्यासमोर मुद्रितं होती. मी त्यांतली एक ओळ पुन्हा वाचायला लागलो.

मी बोललो असतो तर काय झालं असतं? बहुधा काहीच नाही. अण्णाजींनीच तर सांगितलं होतं. नोकरी गेली नसती, कोणी मारलं नसतं. एका सभ्य माणसासमोर लाज वाटली असती, तेवढीच. ती मला नको होती.

"सही माझी हाये गुरुजी," मेश्राम म्हणाला. "ज्याची सही त्याचं चित्र."

"हो. सही आपलीच आहे." गुरुजींनी अंक मिटून पिशवीत ठेवला. आम्हा तिघांना वेगवेगळा नमस्कार केला. "उपकार झाले," म्हणाले आणि जिना उतरले.

"भला माणूस दिसतो," अण्णाजी म्हणाले.

मेश्रामने सदरा काढला, सुलटा केला, अंगात घातला आणि तो निघून गेला. मी जिन्यापर्यंत मागे गेलो. "मेश्राम, मी सांगतो त्यांना," असं म्हणालो. तो वळला नाही. "सांगा जी," म्हणाला. परत कामावर आला नाही. मी गुरुजींकडे गेलो नाही. पुढचे काही भाग दुसऱ्या चित्रकाराकडून करून घेतले, पण ते जमेनात, आणि अडकित्तेराव बंद पडला. अण्णाजींच्या पश्चात मी संपादक झालो.

इंदोऱ्यात ही गोष्ट पसरली ती अशी, की दौलतने गुरुजींना मासिकात काळं रंगवून त्यांची मारबत काढवली. बुद्धजयंतीच्या मंचाचा पडदा दरवर्षी मेश्राम रंगवायचा. त्या वर्षापासून तो दुसऱ्याला सांगितला गेला. हे मला करीमभाईंकडून कळायचं. मेश्राम कामठी रोडवर दुकानांच्या पाट्या रंगवायला लागला होता. कुणी पाटीवर गिऱ्हाईक, बाई, पहिलवान काढायला सांगितलं, तर तो म्हणायचा, "माणसं नाही काढत. अक्षरं सांगा." गुरुजी वारले तेव्हा तो अंत्ययात्रेत सगळ्यांच्या मागे चालला, हेही त्यांनीच सांगितलं.

ऐंशीच्या दशकात गुरुजींच्या शाळेत त्यांचं तैलचित्र लावायचं ठरलं. मुलांच्या मासिकाचा संपादक म्हणून मला पाहुणा बोलावलं. मी होकार दिला तो एका निश्चयाने. त्यांच्याच शाळेत, त्यांच्याच माणसांसमोर मी सांगणार होतो. वाक्यं घरी पाठ केली होती.

चित्रावरचा पडदा बाजूला झाला. चित्र बाहेरगावच्या नामांकित चित्रकाराचं होतं. चष्मा गुरुजींचा होता, सदरा गुरुजींचा होता. चेहरा उजळ, गव्हाळ, गालांवर थोडी गुलाबी झाक. टाळ्या पडल्या. "किती तेजस्वी दिसतात," असं माझ्या शेजारी बसलेले समितीचे अध्यक्ष म्हणाले.

बोलायला उभा राहिलो आणि शेवटच्या ओळीत, भिंतीला टेकून उभा असलेला मेश्राम दिसला. केस पांढरे झालेले. मान तशीच कलती. मी शिक्षणाबद्दल बोललो, संस्कारांबद्दल बोललो. पाठ केलेल्या वाक्यांपर्यंत आलो. समोर गुरुजींच्या पत्नी बसल्या होत्या. मी दोन शब्दांत सर्वांचे आभार मानले आणि खाली बसलो.

कार्यक्रम संपल्यावर मी त्याला पटांगणात गाठलं. तो सायकलचं कुलूप काढत होता.

"मेश्राम, मी आज सांगणार होतो."

"मी त्याच्यासाठी नव्हतो आलो जी. चित्र पाहाले आलो होतो."

मी विचारलं, "कसं वाटलं?"

"हात चांगला हाये. कान चुकला. डावा कान जरा खाली होता गुरुजींचा."

"आणि रंग?"

त्याने कुलूप खिशात ठेवलं. "रंग चुकला, असं मी म्हणू? गुरुजी काळे होते, असं मी म्हणू, देशकरजी?" आवाज चढला नव्हता. "साऱ्या जगानं म्हटलं तरी चालीन. मले नाही म्हणता येत."

हॉलमध्ये सतरंज्या गोळा करत होते, त्याचा आवाज येत होता.

"जातो जी. पाटी अर्धी ठेवून आलो."

मी त्याला शेवटचं पाहिलं ते तेव्हा. फाटकाशी समितीची माणसं पाहुण्यांना निरोप देत उभी होती. बहुतेक गुरुजींचे विद्यार्थी, मेश्रामच्याच वस्तीतले, त्याच्याच वयाचे. तो जवळ आला तसं त्यांचं बोलणं थांबलं. त्यांनी सरकून वाट दिली. मेश्रामने सायकलच्या मुठीवरचा एक हात काढून छातीशी नेला आणि "जयभीम" म्हटलं. कुणी उत्तर दिलं नाही. तो थोडा वेळ थांबला, उत्तर येईल म्हणून, आणि मग सायकल हातात धरूनच रस्त्याला लागला. मी फाटकापासून हाकेच्या अंतरावर होतो. समितीच्या अध्यक्षांनी मला चहासाठी आत बोलावलं आणि मी आत गेलो.